उंदराच्या आतड्यातलं जनुक रजेवर जातं

उंदराच्या आतड्यातून एखादं जनुक काढायचं असेल, तर आधी त्या जनुकाला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. ज्या समितीने हा नियम केला, तिने आजवर एकाही जनुकाचं ऐकलेलं नाही, हा भाग वेगळा. मिरजेच्या डॉ. हेमांगी कुपवाडे यांनी मात्र आपल्या प्रयोगशाळेत जनुकाला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्ही नेमकं करता काय?"

"आतड्याच्या भिंतीतल्या फटी बुजवतो. आतली घाण आत राहते. निदान समज तरी तसा आहे."

"माझाही तसाच आहे. पण तुम्ही गेल्याशिवाय सिद्ध कसं व्हायचं?"

"खरंय. कोण काय करत होतं, ते गेल्यावरच कळतं."

"आमच्या मेव्हण्याचं गेल्यावरही नाही कळलं," पिंजरे धुता धुता नौशाद मुजावर म्हणाला.

हेमांगी हसली नाही. तिचा नवरा जयवंत भूगोल शिकवायचा आणि तासाला दोनदा वर्ग सोडून पळायचा. आतड्याला सूज, शौचातून रक्त. सर्जन आता मोठं आतडंच काढू म्हणत होते. आधी भिंत गळते की आधी सूज येते, एवढं कळलं तर काही करता येईल, असं तिला वाटत होतं.

जनुकाने रजा घेतली, पण फक्त आतड्यापुरती. कातडीवरची हजेरी सोडायला ते तयार नव्हतं. तेही मान्य झालं.

आणि उंदीर ठणठणीत राहिला. खाई, खेळे, नौशादचं बोट चावे.

"रजेवर गेलंय ना नक्की?" नौशाद म्हणाला. "का आमच्या साहेबांसारखं, नुसतं कागदावर?"

हेमांगीने आतड्याचा कणभर तुकडा मायक्रोस्कोपखाली घेतला. रिकाम्या जागेत शेजारचं जनुक हात पसरून उभं होतं.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" ती कडाडली.

"कोणी नाही. उंदीर अजून पोर आहे, बाई. दार सताड उघडं टाकायचं का?"

"माझा प्रयोग बुडवलात!"

"बुडाला तर बुडाला."

तिने डोळा भिंगाला आणखी टेकवला. मग आवाज उतरवून म्हणाली, "माणसांच्या आतड्यातही असता तुम्ही?"

"असतो की. पण तिथलं मूळ जनुक कसंबसं का होईना, जागेवर उभं असतं. त्याच्या देखत शेजाऱ्याने मधे कसं पडायचं? हाक तरी मारायला हवी ना कुणीतरी."

घरी जयवंत मऊ भात जेवत होता. हेमांगी पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्याच्यापुढे जमिनीवर बसली आणि तिने त्याच्या पोटाशी तोंड नेलं.

"अहो शेजारी, जरा उठता का?"

जयवंतने ताट वर धरून तिला जागा करून दिली. "नाव काय त्यांचं?"

"ठाऊक नाही."

"मग दादा म्हण. अनोळखी माणसाला बरं वाटतं."

"दादा," हेमांगी म्हणाली, "उठा ना."

आत कुणीतरी घसा खाकरला. जयवंतने ताट खाली ठेवलं आणि आवाज नीट पोचावा म्हणून शर्टाची बटणं सोडली.