जीव दुकानात असल्याबाबत

रोजच्या रोज दुकान चालवणाऱ्याचा जीव दुकानातच असला पाहिजे, असा कंपनीचा नियम होता. केतकीचा सकाळी तपासला जाणार होता, त्यामुळे रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. जीव होता, त्याबद्दल शंका नव्हती. ऐन वेळी तो जागेवर सापडेल का, हा प्रश्न होता.

कऱ्हाडचं ‘कुरकुर बर्गर’ तिनं स्वतः उभं केलं होतं. ठेच्याचा बर्गर तिच्याच डोक्यातून निघालेला, कंपनीशी भांडभांड भांडून मंजूर करून घेतलेला. तपासणीत नापास झाली तरी फ्रँचायझी तिच्याच नावावर राहणार होती, पण दुकान चालवायला पुण्याहून कंपनीचा मॅनेजर येणार होता. मॅनेजर लोकांचे जीव कंपनीकडेच जमा असतात, त्यामुळे ते कुठेही पाठवायला सोपे जातात.

तपासणीसाठी सोनटक्के साहेब आले. त्यांनी चहा नको म्हटलं, खिशातून बॅटरी काढली आणि फ्रीजच्या मागे, काउंटरच्या खाली, पावाच्या क्रेटमध्ये नीट पाहिलं.

“दिसत नाही, मॅडम.”

“मघाशी होता हो. शटर उघडताना माझ्याबरोबरच आत आला.”

“मग गेला कुठे?”

केतकीनं मान खाली घातली. “बालवाडीत. माझ्या मुलीच्या, मिथूच्या. काल तिला जरा कणकण होती, आणि आज डब्यात भेंडी दिलीये. तिथंच बसला असेल खिडकीत.”

“रोज जातो?”

“छे, रोज कुठला,” केतकी म्हणाली. मग उगाच खोटं नको म्हणून तिनं पुस्ती जोडली, “रविवारी नाही जात.”

सोनटक्क्यांनी घरातल्या इतरांचे पाहायची तयारी दाखवली. केतकीचा नवरा हृषीकेश बँकेतून रजा काढून आला होता. त्याचा क्रिकेटच्या मॅचमध्ये निघाला.

“आणि मॅच नसते तेव्हा?”

“जुन्या मॅचमध्ये,” केतकीनं माहिती दिली.

“माझा बघा की,” सासूबाई पुढे झाल्या. “मी बसेन गल्ल्यावर.”

“आजी, तुमचा नातीत आहे,” सोनटक्के म्हणाले. “म्हणजे तोही बालवाडीतच.”

“मग? सुनेचा जीव एकटा जातो एवढ्या रहदारीतून. सोबत नको कुणाची?”

हे सोनटक्क्यांना पटलं, पण नियमात बसत नव्हतं. “मला नाइलाजानं तसा शेरा मारावा लागेल, मॅडम. सोमवारी पुण्याहून माणूस येईल,” ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. बालवाडीच्या बाई होत्या.

“मिथूची आई ना? अहो, ताप वगैरे काही नाहीये. मगाचपासून तुमचा खिडकीत तळमळतोय म्हणून म्हटलं कळवावं. भेंडी संपवली तिनं. आता माझ्या डब्यातली मागतीये.”

“हुश्श!” केतकी म्हणाली.

काउंटरमागे टण्णकन आवाज झाला. सगळे वळले. मेयोनीजचं स्टीलचं भांडं धुऊन पालथं घालायचं ती नेहमीसारखी विसरली होती, आणि त्याच भांड्यात तिचा जीव येऊन पडला होता. मुठीएवढा, थोडा सुरकुतलेला, धापा टाकत.

सोनटक्क्यांनी वाकून पाहिलं. “भांडं कुणाचं?”

“दुकानाचं.”

“नक्की? बऱ्याच बायका घरचं भांडं पुढे करतात.”

केतकीनं भांडं अलगद वर उचललं आणि बुडावरचा कंपनीचा शिक्का दाखवला.

“जीव भांड्यात, भांडं दुकानाचं, आणि दुकानात. हरकत नाही,” सोनटक्के म्हणाले. “फक्त ओळख पटवावी लागेल. नवरा आणि सासू चालत नाहीत. ते भीडेखातर कुठल्याही जिवाला हो म्हणतात.”

मग मिथूची वाट पाहणं आलं. सोनटक्क्यांनी तोवर एक ठेच्याचा बर्गर खाल्ला, घाम पुसला आणि दुसरा मागवला. बालवाडी सुटल्यावर मिथू रिक्षातून उतरून दप्तर ओढत आत आली. सोनटक्क्यांनी भांडं तिच्यापुढे धरलं.

“बाळ, हा कुणाचा?”

“आईचा,” मिथू त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

“कशावरून?”

“सारखा विचारतो, पाणी प्यायलीस का, पाणी प्यायलीस का.”

सोनटक्क्यांनी सही केली. दुकान रोजच्या रोज केतकीनंच चालवायचं, असं कागदावर उतरलं. हृषीकेशनं टाळी वाजवली. सासूबाईंनी पदर सावरत डोळे टिपले.

“अट एकच,” जाता जाता सोनटक्के म्हणाले. “भांड्यावर झाकण ठेवायचं. उद्यापासून हलता कामा नये.”

“नाही हलणार,” केतकी म्हणाली, आणि तिनं मांडणीवरचं झाकण घेतलं. ते भांड्याला अगदी घट्ट बसणारं होतं. तिनं ते हातात धरलं, पुसलं, मग उगाच परत एकदा पुसलं.

मिथूनं तिचा कुर्ता ओढला.

“आई, पूर्ण नको लावू. थोडी फट ठेव. उद्या आमचा नाच आहे, तो येणारे.”