विमानातला पाणीपुरवठा

विमानात बसल्या बसल्या मी मुलीला म्हटलं, "बाळ माझ्याकडे दे आणि तू निवांत झोप." (माझे सगळे घोटाळे असे चांगल्या हेतूनेच सुरू होतात.)

खरं तर या सीटवर माझी बायको असायची. नातवाला सांभाळायला मुलीकडे तीच जाणार होती. ती देवाघरी गेली, तेव्हा मी म्हटलं, मी येतो. मुलगी म्हणाली, "बघू." तिने तिकडच्या पाळणाघरात नाव घालून ठेवलं होतं, म्हणजे हा प्रवास माझी परीक्षाच. नापास झालो तर परत घरी. घरी आता मी आणि फ्रिज, दोघेच.

विमान उडालं आणि नातवाने भोकाड पसरलं. खुळखुळा दिला, तो त्याने पुढच्या टकलावर हाणला.

"गाणं म्हणू का?"

"नको, बाबा! लोकांनीही तिकिटं काढलीयत."

उभं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार? मी त्याच्या कानाशी सुरू केलं, "हे बघ, पाणी आधी धरणातून येतं..."

नातू गप्प! डोळे टक्क उघडे. असा श्रोता मला खात्यातही मिळाला नव्हता.

पाण्यात तुरटी पडेपर्यंत मुलगी घोरू लागली. मुख्य जलवाहिनीपाशी खिडकीजवळचे गृहस्थ माझ्या खांद्यावर कलंडले. मी दम खायला थांबलो, तर पुन्हा भोकाड.

गृहस्थ दचकून उठले. "अहो, थांबलात का? छान लागली होती!"

"घसा सुकलाय हो."

"मग हळू बोला, पण बोला!"

हवाईसुंदरी आली. "काका, जेवणार ना?"

"व्हॉल्व्ह बंद करून येतो," मी म्हणालो. (तोंडाला तेच वळण पडलं होतं.) तिने जांभई दाबली आणि ट्रे ठेवून घाईने पुढे गेली.

बाथरूमलाही नातवासकट जावं लागलं. आत उभ्या उभ्या गळतीचे प्रकार समजावून सांगितले. दार उघडलं तर बाहेर ही रांग!

"आत मीटिंग होती का?" एका बाईंनी विचारलं.

विमान उतरायला लागलं. आवाज पार बसला होता. नातू मात्र आत्ताच आंघोळ झाल्यासारखा ताजातवाना.

मुलीने डोळे उघडले. "झोपला होता?"

"नाही गं. डोळ्याला डोळा नाही. पाळणाघरालाच फोन कर, बाई."

तिने डोळे चोळत बाळाकडे बघितलं. "बाबा, हा झाल्यापासून मी एवढी सलग झोपलेच नव्हते. तुम्ही राहा."

"पण याला झोपवणं मला..."

"याला मी झोपवेन. तुम्ही मला झोपवत जा." मग बाळाला मांडीवर घेत ती सहज म्हणाली, "आईचा उपाय मला आधी सुचायला हवा होता."

"कसला उपाय?"

"झोप येत नसली, की ती तुम्हाला ऑफिसचं विचारायची."

खात्यात आज काय झालं, हे ती रोज रात्री न चुकता विचारायची. आणि इतकी वर्षं मी समजत होतो, ती डोळे मिटून ऐकतेय.