बालाजी बसेना

आधीच हात जोडतो. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व होणार. शब्दही साधेच आहेत. भारी शब्द शोधायला गेलो तर गोष्ट हातची जाईल, तेव्हा सांभाळून घ्या. दुसरं म्हणजे ही गोष्ट बालाजीची आहे, माझी नव्हे. (गावात हे कुणी मानत नाही. तुम्ही गावातले नाहीत, तुम्ही मानाल.)

देवणीपासून तीन कोसांवर बालाजीचं गाव. घरात वडील शेषेराव, आई कस्तुराबाई, आणि गोठ्यात दोन बैल. बालाजीचं वय एकोणतीस आणि झालेली स्थळं अकरा. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "शेती" असं उत्तर गेलं की समोरच्या घरातला चहा आतल्या आतच थंड व्हायचा. एका घरी तर कप हातात आल्यावर हा प्रश्न निघाला आणि बालाजीला तो कप जड वाटायला लागला. अकराव्या नकारानंतर तो कुणाच्या लग्नालाही जाईनासा झाला.

बारावं स्थळ लातूरचं. तनुजा. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. मध्यस्थानं सांगितलं, "पोरीला शेती चालते." हे वाक्य शेषेरावांनी तीनदा म्हणायला लावलं. आणि मग तिचा फोन आला.

बालाजी तसा लाजाळू. दुकानात साबण मागायचा तरी आधी मनात दोनदा म्हणून बघणारा. फोन घेऊन तो बांधावर जाऊन उभा राहिला.

"तुमचे छंद काय?" तिनं विचारलं.

आपल्याला एकही छंद नाही हे बालाजीला चांगलं माहीत होतं. नेमका त्याच वेळी समोरच्या रस्त्यानं त्याचा देवणीचा दोस्त व्यंकटी, पोट कमी करायला घेतलेल्या नव्या सायकलवर धापा टाकत चालला होता.

"सायकल," बालाजी म्हणाला.

"अय्या, खरंच? मी पण चालवते! आमचा ग्रुप आहे, रविवारी चाळीस किलोमीटर करतो. तुम्ही किती वर्षांपासून?"

"धा वर्षं."

"रोज?"

"हाव. रोज उदगीरला जाऊन येतो."

(उदगीरला जाऊन-येऊन साठ किलोमीटर. रोज तेवढं करायला बालाजी काही एसटी नव्हता. शाळा सुटल्यापासून तो सायकलवर बसलाच नव्हता.)

पण ती हसली. आनंदानं हसली. अकरा स्थळांमध्ये एकही मुलगी त्याच्याशी बोलताना हसली नव्हती, त्यामुळे शब्द परत घ्यायचं त्याच्या जिवावर आलं. "येत्या रविवारी आम्ही घर बघायला येतोय," ती म्हणाली, "तेव्हा तुमची सायकलपण बघेन."

मधे दिवस उरले चार. बालाजीनं देवणी गाठली आणि व्यंकटीची सायकल मागून आणली. हँडल एडक्याच्या शिंगासारखं वळलेलं आणि सीट शेवग्याच्या शेंगेएवढी.

"याच्यावर बसायचं कुठं?" बालाजीनं विचारलं.

"तेच तर बसायचं हाय."

"मला वाटलं ती नुसती खूण हाय."

"लेका, भारी सायकलीला सीट बारीकच असते," व्यंकटी म्हणाला. तो इतक्या आनंदानं सायकल का देतोय, हे बालाजीनं तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

दहा वर्षांचा सराव तीन दिवसांत उरकायचा म्हणून बालाजी रोज उदगीरला जाऊन येऊ लागला. अंगात जाड जीन्स. जीन्सच्या चार शिवणी जिथं एकत्र येऊन गाठ पडते, बरोबर तिथंच ती शेंग. त्यात व्यंकटी उंच, सीट त्याच्या मापाची, म्हणून पायडल गाठायला बालाजीला दर वेळी एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं घसरावं लागे. पहिल्या दिवशी चुरचुर झाली. दुसऱ्या दिवशी घामानं भिजलेली तीच जीन्स परत चढवली, तेव्हा आग झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ओसरीवर टेकायला गेला आणि तसाच उभा राहिला. मधलं बसणं राहूनच गेलं.

हे सांगायचं कुणाला? आरोग्य उपकेंद्रात गेला, तर तिथल्या सिस्टर नात्यानं वहिनी लागत. "काय होतंय भावजी?" त्यांनी विचारलं. "डोकं दुखतंय," बालाजी म्हणाला. चार गोळ्या मिळाल्या. डोकं अगदी उत्तम राहिलं.

घरी तो उभ्यानं जेवला.

"बस की रे, पाहुण्यावानी काय उभा?" आई म्हणाली.

"उभ्यानं अन्न सरळ खाली जातंय."

"मग आजवर काय वळण घेऊन जात हुतं?"

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे आज बैलांची खांदेमळणी. वर्षभर जू ओढून खांदे सोलतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी ते हळद-लोण्यानं चोळायचे. शेषेराव दुपारीच वाटी घेऊन गोठ्यात बसले होते. अंगणातून बालाजी गेला, तसा त्यांचा हात थांबला. चाळीस वर्षं बैल सांभाळलेला माणूस तो. चालीवरनं दुखणं ओळखायचं हेच त्यांचं शिक्षण.

"हिकडं ये. फेंगडा का चालायलास?"

"काय न्हाई आबा."

"काय न्हाई कसं? खांदा आलाय तुझा."

"माझा?"

"तुझाच. जू बसतंय तिथं सोलटलंय. पालथा पड."

"आबा, मी काय बैल हाय का?"

"बैलानं इतकं विचारलं नसतं. पड."

(पुढची पाच मिनिटं बालाजीनं सांगितलेली नाहीत, आणि मीही विचारलेली नाहीत.) एवढंच कळलं, की शेषेराव चोळताना सवयीनं "हूं, हूं, राजा" म्हणत होते आणि दोन्ही बैल रवंथ थांबवून बघत होते. आपल्या वाट्याचं लोणी कुठं चाललंय, हे त्यांना दिसत होतं.

"आता आठ दिस जुपायचा न्हाई," शेषेराव म्हणाले. "दोष बैलाचा नसतोय. जू वंगाळ असतंय."

आणि तेवढ्यात दारात जीप वाजली. पाहुणे सांगितल्या वेळेच्या तासभर आधी आले होते. धुवायला वेळ नव्हता. इस्त्री केलेली पँट एकच होती, आणि ती पांढरी होती.

ओसरीवर तनुजा आणि तिचे मामा बसले. बालाजीसाठी मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची.

"बसा," मामा म्हणाले.

"उभाच बरा हाय."

"संस्कार हायत पोरावर," मामा खूश झाले. पाच मिनिटं गेली. "आता बसा."

"न्हाई, आसूंद्या."

दहा मिनिटं गेली. मामांच्या चेहऱ्यावरचे संस्कार उतरले. ते शेषेरावांच्या कानाशी गेले, पण त्यांचा हळू आवाज सगळ्या ओसरीला पुरला. "मूळव्याध वगैरे काही?"

"छ्या! आमच्या घराण्यात न्हाई," शेषेराव म्हणाले. "नुसता खांदा आलाय."

"खांद्याचं आणि बसायचं काय?"

"त्याचा खाली हाय."

मामांनी बालाजीचे दोन्ही खांदे नीट बघितले. जागच्या जागी होते. तेवढ्यात आईनं आतून चहाचा ट्रे पुढं केला, आणि बालाजी तो घ्यायला वळला. पांढऱ्या पँटीवर मागं पिवळाधमक डाग उमटला होता, चांगला ताटलीएवढा.

"अरे बापा," मामा म्हणाले, "आमचा होकार नाही तोवर हळद लावून मोकळे?"

मामा हसले, शेषेरावही हसले. आतून आईच्या बांगड्या कपाळाला लागल्याचा आवाज आला. बालाजीनं ट्रे खाली ठेवला आणि पाठ भिंतीला लावली. हसली नाही ती तनुजा एकटी.

"सायकलनं झालं ना?" तिनं विचारलं.

बालाजीनं मान हलवली.

"जीन्स घातली होती?"

"हाव."

"आणि सीट उंच आहे. दारात बघितली मी." ती लॅबमधला रिपोर्ट वाचावा तशी बोलत होती. लाजायचं काम तिनं सगळं बालाजीवर सोडलं होतं. "ते लोणी आधी काढा. कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा, चोळू नका. जागा कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला. पुरतं बरं होईपर्यंत सायकल बंद. पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा, आणि डोकं दुखतं म्हणू नका."

(हे शेवटचं तिला कसं कळलं, ते बालाजीला आजवर कळलेलं नाही.)

"मी बी तेच म्हणलं की, जुपायचा न्हाई!" शेषेराव मामांना म्हणाले.

"पुढच्या वेळी सीट आपल्या मापाला घ्या," तनुजा म्हणाली. "गादीची चड्डी मिळते ती घाला, तिच्या आत दुसरी घालायची नसते. घरी आलं की घामाचे कपडे लगेच बदला. आणि एकदम साठ किलोमीटर नाही, थोडं थोडं वाढवत न्यायचं."

असं बारकाईनं बालाजीच्या दुखण्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्याला भरून आलं. ही आपली बायको झाली तर, असं त्याच्या मनात येतंय न येतंय तोच ती जरा थांबून म्हणाली, "पण हे सगळं दहा वर्षं रोज उदगीरला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. हे नवशिक्याला होतं."

बालाजीनं दारातल्या सायकलीकडं बघितलं.

"तीन दिस झाले," बालाजी म्हणाला. "सायकल बी माझी न्हाई."

"मग छंद कुठला?"

"न्हाई. कुठलाच न्हाई."

"तसं सांगितलं असतंत तरी मी आले असते हो," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमल्यासारखी दिसली. चहा मात्र तिनं पूर्ण प्याला. कप खाली ठेवून निघताना पायरीवरून वळली आणि सांगितलं, "लोणी आजच धुवा. मुंग्या लागतील."

दिवेलागणीला मध्यस्थाचा फोन आला. शेषेरावांनी ऐकून घेतलं आणि ते गोठ्यात गेले. वाटीत उरलेली हळद त्यांनी बैलांच्या खांद्याला लावली. दोघांना मिळून जेमतेम पुरली. बालाजी दाराला धरून उभा होता.

"आबा, शेती चालत हुती तिला."

"व्हय रे," शेषेराव म्हणाले. आणि बैलाला चोळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळा. गावात सगळे बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून मोकळे. त्या एका दिवशी कुणाच्याच खांद्यावर जू ठेवत नाहीत. बालाजी मात्र धोतर नेसून, व्यंकटीची सायकल हातानं ढकलत देवणीला निघाला. जो भेटेल तो विचारी, "पंचर का?" खरं सांगायचं म्हणजे थांबून सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून बालाजी प्रत्येकाला "हाव" म्हणत गेला. (खोट्यापायी काय होतं, हे कळून एकच रात्र झाली होती.)

देवणीच्या अलीकडं नाक्यावर पंक्चरवाल्यानं ती "हाव" ऐकली आणि सायकल ओढूनच घेतली. दोन्ही चाकं पाण्यात बुडवून बघितली, एक बुडबुडा निघाला नाही. तरी त्यानं मनापासून टम्म हवा भरली आणि सीटवर थाप मारून म्हणाला, "पंचर न्हाई, नुस्ती हवा कमी हुती. सणाचं फुकट करून दिलं. आता बसून जा पाहुणे, जीव दमला तुमचा."

"जाईन की ढकलत."

"आवो, बसा तर! माझ्या कामावर भरोसा न्हाई का?"

माणूस इतकं मायेनं म्हणत होता की बालाजीला नाही म्हणवेना. तो बसला, आणि पुढच्या वळणावर पंक्चरवाला दिसेनासा होईस्तोवर, मागं बघून हात हलवत, बसूनच गेला.