कडंचे, आत या

कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली की मन्मथअप्पा ती आधी कानाशी नेऊन हलवत. छत्री असो, कंदील असो, खरबूज असो की काडेपेटी. आत काही वाजलं तर वस्तू परत ठेवत, नाही वाजलं तर भाव विचारत. जावई बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि पाच मिनिटं सोडलाच नाही. मुलाला वाटलं म्हातारा प्रेमळ आहे. अप्पा वजन घेत होते.

हे जिंतूरमधला कुणीही जुना माणूस तुम्हाला सांगेल. मीही आजवर एवढंच सांगत आलो. लोक हसले की मी थांबायचो. त्यापुढचं आता मला एकट्यालाच ठाऊक आहे आणि ते सांगायचं मी जवळजवळ चाळीस वर्षं टाळलं. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. आता टाळायला फारशी जागा उरलेली नाही.

अप्पांचे वडील हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. बैलाचे दात, खूर, चाल बघायची आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही, हा त्यांचा पिढीजात धंदा. अप्पांनी तो सोडून कॅमेरा धरला. का, असं विचारलं की म्हणत, "कॅमेऱ्याला चारा लागत न्हाई."

बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अप्पांच्या गळ्यात दोन गोष्टी असत, एक इष्टलिंगाची चांदीची डबी आणि दुसरा कॅमेरा. कपाळावर भस्माचे पट्टे, त्यामुळं कॅमेऱ्याच्या पाठीवर कायम पांढरा डाग. फोटो अप्पा काढत, मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल मी धुवत असे. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. काम त्यांनीच शिकवलं होतं.

जुन्या कॅमेऱ्याची लेन्स बुरशीनं गेली तेव्हा नवी घ्यायला आम्ही दोघं रेल्वेनं हैदराबादला गेलो. अप्पांनी पिशवीत घरची पीठ चाळायची चाळणी घेतली होती. मी विचारलं नाही. अप्पांना असलं विचारलं की उत्तर दोन स्टेशनं चालायचं.

दुकानदारानं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. दोन्ही पन्नासच्या, म्हणजे रोजच्या कामाच्या साध्या लेन्स. एक अख्खी धातूची, हातात घेतली तर पावशेराच्या मापासारखी. दुसरी प्लॅस्टिकच्या नळीतली, रिकाम्या डबीएवढी हलकी. किंमत निम्म्याहून कमी. अप्पांनी दोन्ही तळहातांवर घेऊन डोळे मिटले. मग धातूच्या लेन्सची कडी फिरवली. वंगण दिलेल्या चाकासारखी फिरली. प्लॅस्टिकची फिरवली, ती पडायला आलेल्या दातासारखी किंचित हलली. मग एकेक कानाशी नेली. धातूची गप्प. प्लॅस्टिकची आत कुठंतरी टिक् करून वाजली.

मला वाटलं निकाल लागला. पण अप्पांनी पिशवीतून चाळणी काढून दाराच्या चौकटीला टांगली, अर्धा रोल एका लेन्सनं आणि अर्धा दुसरीनं चाळणीचे फोटो काढले, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्याकडून तो धुऊन घेतला. मग भिंग लावून भोकं तपासत बसले. मधली भोकं दोन्हीत सारखीच साफ होती. कोपऱ्यातली भोकं प्लॅस्टिकच्या लेन्सनं जरा पिठाळ काढली होती. पण लेन्सचं तोंड आठच्या आकड्यापर्यंत बारीक केलं की तेही साफ. दोन्हींत काडीचा फरक नाही.

"मंग ज्यादा पैसे कशाचे?" अप्पांनी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "मजबूती के, चचा. ये गिरी तो भी चलती. वो गिरी तो गई."

अप्पांनी दोन्ही लेन्स पुन्हा एकदा तळहातांवर तोलल्या. मग म्हणाले, "भारी लेन्स घेतली की भारी गिऱ्हाईक हुडकावं लागते, दिगंबर. हलकी घेऊ. पडू नाही दिली म्हंजे झालं." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाजणारी वस्तू पसंत केली. भाव करायला त्यांनी खांद्यावरचं उपरणं काउंटरवर पसरलं आणि त्याखाली दुकानदाराचा हात धरून बोटं दाबायला सुरुवात केली. तो बिचारा हात सोडवत मागं सरकला. "क्या करते चचा, हात छोडो." अप्पा शांतपणे म्हणाले, "भाव बोलायलोय."

त्या लेन्सचं नाव त्यांनी गोऱ्हा ठेवलं. गोऱ्हा म्हणजे बैलाचं पोर. त्याची उस्तवारीही तशीच. हलणाऱ्या कडीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. मे महिन्यात आमच्याकडं ऊन असं असतं की प्लॅस्टिक मऊ पडेल म्हणून अप्पा गोऱ्ह्यावर छत्री धरत आणि स्वतः उन्हात चालत. स्टुडिओत त्याची जागा माठाशेजारी, ओल्या फडक्यावर.

आणि गोऱ्हा आल्यापासून अप्पांना एक नवं वाक्य लागलं. लग्नातला गटाचा फोटो असला की कॅमेऱ्याला डोळा लावून ते ओरडत, "कडंचे, आत या." कडेला कोण उभं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हलगीवाले, पाणी भरणारी बाई, विधवा आत्या, न बोलावता आलेला गरीब चुलता. अप्पा त्यांना नावं घेऊन आत बोलवत, पार नवरदेवाच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. एखादा यजमान कपाळाला आठ्या घालायचा. मग अप्पा हात जोडत. "काय करावं मालक, हलकी लेन्स हाय. कडंचं साफ येत न्हाई."

लेन्सचं तोंड ते नेहमी आठवरच ठेवत. आठवर कडा साफ येते हे चाळणीनं आम्हाला दाखवलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

आता मूळ गोष्ट.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली होती. अठ्ठ्याहत्तर साली दलित वस्त्यांतली जी घरं जळाली होती त्यांच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. बोलणं उभं राहिलं नव्हतं. देवगाव फाट्याजवळच्या एका गावात बौद्धवस्तीत किसन गुरुजी राहत. प्राथमिक शाळेत शिक्षक, कमी बोलणारे, कपडे इस्त्रीचे. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. आमच्याकडच्या दोन स्टुडिओंनी त्यांना तारीख मोकळी नसल्याचं सांगितलं. अप्पांनी तारीख विचारली आणि फळ्यावर लिहिली. लग्नाच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि रोल माझ्या हातात दिला. "लय चांगलं झालं लग्न. सावकाश धू."

त्याच दुपारी मला निरोप आला होता की गंगाखेडला बायको बाळंत झाली, मुलगा झाला. गंगाखेडची बस सहाची होती.

रोल धुवायला एक औषध लागतं. ते पाण्यात कालवायचं, निवू द्यायचं, गाळायचं, यात दीड-दोन तास जातात. काही रोल धुतले की ते थकतं आणि टाकून द्यावं लागतं. त्या दिवशी बाटलीतलं औषध कडक चहाच्या रंगाचं झालं होतं. फळीवर नवं पाकीट होतं. मी त्याच्याकडं पाहिलंही. मग जुन्याच औषधात रोल धुतला, दोरीवर वाळत घातला आणि बस गाठली.

तिसऱ्या दिवशी परत आलो आणि रोल उजेडाला धरला. चित्रं अगदी फिकट होती. त्यांचे कागदावर फोटो छापून पाहिले तर सगळं लग्न धुळीच्या वावटळीत लागल्यासारखं. नवरी कोण, वडील कोण, एवढं कळत होतं. डोळे कळत नव्हते.

इथं एक सांगायला हवं. रोलच्या काठावर बारीक आकडे असतात. ते कंपनीनं आधीच उजेडानं छापलेले असतात, औषधात पडले की उमटतात. लेन्सचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. चित्रं फिकट आणि आकडे काळे असतील तर चूक फोटो काढणाऱ्याची. आकडेही फिकट असतील तर चूक धुणाऱ्याची. हे मला अप्पांनीच शिकवलं होतं. "बैलाचं वय दातावर, धुलाईचं खरं काठावर." त्या रोलचे आकडे मला मोठ्या मुश्किलीनं दिसले. मी रोलचे तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि फक्त फोटो अप्पांपुढं ठेवले.

म्हणालो, "लेन्सच्या पात्या उन्हानं अडकल्या असतील, अप्पा. शेवटी प्लॅस्टिकच ते. निगेटिव्ह कामाच्या नव्हत्या, फेकल्या."

अप्पांनी गोऱ्हा उतरवला. कानाशी हलवला. लेन्सचं तोंड बारीक-मोठं करणाऱ्या त्या पात्या उघडझाप करून पाहिल्या, दहा वेळा, वीस वेळा. एकदाही अडकल्या नाहीत. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पोरगं कसं हाय?"

"चांगलं आहे."

"अन् पोराची माय?"

"तीही."

"मंग गोऱ्ह्याचीच चूक," अप्पा म्हणाले, आणि लेन्स ओल्या फडक्यावर ठेवली.

दोन दिवसांनी किसन गुरुजी फोटो न्यायला आले. मी अंधाऱ्या खोलीच्या पडद्यामागं होतो. फोटो उलटल्याचा आवाज येत होता, सावकाश, एकेक. सगळे पाहून झाल्यावर गुरुजी आवाज न चढवता म्हणाले, "अप्पा, एक विचारू? आमच्यासाठी हलकी लेन्स वेगळी ठेवली होती का?"

चाळीस वर्षांत माझ्या कानात ते वाक्य जसंच्या तसं आहे. त्यात राग नव्हता. राग असता तर मला पडदा सारून बाहेर येणं सोपं गेलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी कसाही आलो नसतो.

अप्पा म्हणाले, "लेन्स एकच हाय माझ्यापशी, गुरुजी. साऱ्या तालुक्याला तीच. तिचीच चूक झाली. तिला बोला काय बोलायचं ते. तिला लेकरंबाळं न्हाईत."

गुरुजींनी फोटो पिशवीत घातले आणि ते गेले. मी पडद्यामागं हसल्याचं मला आठवतं. चारा लागत नाही, लेकरंबाळं नाहीत, अप्पांचं नेहमीचंच बोलणं, असं मला वाटलं.

पुढं अप्पांनी धातूची भारी लेन्स घेतली. गोऱ्हा मोडीत दिला, असं ते सांगत. नवी लेन्स घेऊन ते एकदा गुरुजींच्या घरी गेले, म्हणाले, "उचलून बघा, सगळ्यांचे परत काढून देतो." गुरुजींनी पाणी दिलं, बसायला दिलं आणि म्हणाले, "नवरी सासरी गेली, अप्पा." त्या वस्तीवर अप्पांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. बाजारात गुरुजी समोरून आले की अप्पा हात वर करत, गुरुजी मान हलवून पुढं जात. भारी लेन्सनं कडंचं साफ येत असल्यामुळं आता अप्पांना "आत या" म्हणायला निमित्तही राहिलं नव्हतं. वस्तू कानाशी नेणं त्यांनी सोडलं. लोकांनी गंमत म्हणून विचारलं तर म्हणत, "ऐकू कमी यायलंय."

मला मात्र परभणीला एका कॉलेजात फोटोचं कायम काम मिळालं. शिफारशीची चिठ्ठी अप्पांची होती. त्यात लिहिलं होतं, मुलगा धुलाईत चोख आहे.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात अप्पांचा उजवा हात वाऱ्यानं गेल्याचं कळलं. मी जिंतूरला निघालो. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून बसमध्ये एक वाक्य पाठ करत होतो. अप्पा खाटेवर होते. मला पाहून खूश झाले, मुलाची चौकशी केली. मग डाव्या हातानं उशाजवळची एक पत्र्याची डबी माझ्याकडं सरकवली.

"बघ बरं, वाजायलंय का. माझ्या हाताला आता वजन कळंना."

डबीत गोऱ्हा होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी तशीच. मी तो कानाशी नेला. टिक् झालं. आणि मग डबीच्या तळाशी मला निगेटिव्हचे तुकडे दिसले, कागदात नीट गुंडाळलेले. हाताला सवयच, मी एक तुकडा खिडकीकडं धरला. काठावरचे आकडे जेमतेम दिसत होते.

"दिसायलंय का काई?" अप्पांनी विचारलं.

चष्मा माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "चष्मा घरी राहिला, अप्पा."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या नजरेत परीक्षा नव्हती. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चहा घे."

मी चहा घेतला. शेवटच्या बसनं परत आलो. शिवरात्रीच्या आधी अप्पा गेले. मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.

किसन गुरुजीही आता नाहीत. त्यांची मुलगी सेलूला असते असं ऐकतो. तिच्याकडं ते फिकट फोटो अजून असतील तर तिनं हे वाचावं. तिच्या लग्नाला वेगळी लेन्स नव्हती. आणि अप्पांसाठी बसमध्ये पाठ केलेलं ते वाक्य मी कुठंच पोचवू शकलो नाही. लहानसंच होतं.

अप्पा, तुमची लेन्स चांगली होती. औषध माझं जुनं होतं. मला माफ करा.