काकूंचा नेम आणि फिरतं टेबल

टेबल दोघींसाठीच सांगून ठेवलं होतं. पण रविवारी दुपारी काकू लेकीबरोबर, चिमीबरोबर, त्या चायनीज हॉटेलात शिरल्या, तेव्हा टेबलाशी दोन माणसं आधीच बसलेली होती. एक, लेकीच्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडम. दुसरा, तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारा एक सहकारी, दारातून येताना मान वाकवावी लागेल इतका उंच. त्याला सगळे लंबूच म्हणत. चिमीची आई आली आहे हे मॅडमच्या कानावर गेलं होतं, आणि मग आपण सगळेच मिळून जेवू, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मॅडमनी ठरवलं की ते ठरलं. चिमीच्या पदवीचा लगाम त्यांच्याच हातात होता.

काकूंनी हसून नमस्कार केला आणि मनातल्या बेताची घडी घालून तो बाजूला ठेवला.

बेत काही मोठा नव्हता. काकूंचं कपडे दुरुस्त करून द्यायचं छोटंसं दुकान होतं. कोणाची पॅंट आखूड कर, कोणाची चेन बदल, कोणाचा कोट सैल कर, असं दिवसभर चालायचं. ते दोन दिवस बंद ठेवून, अख्खा शनिवार बसमध्ये काढून त्या लेकीच्या कॉलेजच्या गावी आल्या होत्या. बसमधून उतरताच त्यांची नजर आधी लेकीच्या कमरेवर गेली. पॅंट पिनेने आवळलेली. कापड दोन बोटं जास्त होतं, म्हणजे पोर दोन बोटं कमी झाली होती. विचारलं तर, "फॅशन आहे गं," म्हणाली. खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही. एक किटली, पाकिटातले नूडल्स आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे. तेव्हाच काकूंनी ठरवलं होतं, की उद्या चारच्या बसने परत जायच्या आधी लेकीला एकदा समोर बसवायची, आपल्या हाताने वाढायचं आणि ती पोटभर जेवताना डोळे भरून बघायचं. बास.

शिवाय काकूंचा एक नेम होता. तीन वर्षांपूर्वी लेक शिकायला गेली त्या दिवसापासून, दुपारी ती जेवल्याचं कळल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. साडेबारा झाले की फोनवर 'जेवले' असा मेसेज यायचा, मग काकू शिलाईमशीनवरून उठून ताटावरचं झाकण काढायच्या. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नेम बोलून दाखवला की त्याची मिरवणूक होते, असं त्यांचं मत. शेजारच्या इस्त्रीवालीला तेवढं ठाऊक होतं, कारण ती दुपारच्या गप्पांना यायची आणि झाकलेलं ताट बघायची.

आता चौघं झाल्यावर हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना मोठं गोल टेबल दिलं. एरवी पदवीदानाच्या मेजवान्यांना लागणारं ते टेबल चांगलं ऐसपैस होतं, आणि मधोमध काचेची फिरती तबकडी. मालकीणबाई ठेंगण्या, चटपटीत, केसांना पेन्सिल खोचलेल्या. वयाने मोठं कोण हे त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि काकूंना दाराकडे तोंड असलेल्या मानाच्या खुर्चीत बसवलं. शेजारी मॅडम बसल्या. लेक बरोब्बर समोर, काचेच्या पलीकडच्या तीरावर. हात लांब केला तरी तिच्या ताटलीपर्यंत पोचायचा नाही.

वाफाळते पदार्थ आले. उकडीच्या मोदकांसारख्या डंपलिंगची टोपली आली, नूडल्स आले, आणि शेवटी लांबट ताटात अख्खा मासा. मालकीणबाईंनी तबकडी अशी वळवली की माशाचं तोंड काकूंकडे आलं. लंबूने हात पुढे केला, तोच मॅडमनी त्याला नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. त्या काही वर्षं चीनमध्ये राहून आल्या होत्या आणि ते राहणं अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी समजावलं, की माशाचं तोंड ज्याच्याकडे तो मुख्य पाहुणा. त्याने पहिला घास घेईपर्यंत बाकीच्यांनी कशालाही शिवायचं नसतं. हा शिष्टाचार आहे.

"ताई, करा सुरुवात," मॅडम म्हणाल्या.

"छे हो. मुलांना घेऊ द्या आधी," काकू म्हणाल्या, आणि हळूच तबकडी लेकीकडे फिरवली.

मासा लेकीसमोर गेला. लेकीने मॅडमकडे पाहिलं आणि तो परत आईकडे फिरवला. काकूंनी पुन्हा पाठवला. लंबूच्या नाकाखालून मासा तिसऱ्यांदा निघून गेला, तेव्हा जत्रेतल्या पाळण्यात आपलं कोणी बसलेलं असावं तशी त्याची मान त्याच्यामागे फिरली. एवढ्यात लेकीने घाईघाईने काड्यांत एक डंपलिंग पकडलं. ते तोंडापर्यंत न्यायच्या आत निसटलं आणि मॅडमच्या चहात पडलं. मॅडमनी चष्मा पुसला. लेकीचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. काकूंना दिसलं, पोर किती भुकेली आहे, आणि आपण इथे बसून एक डंपलिंग तिच्या तोंडी घालू शकत नाही.

पलीकडून लेक डोळ्यांनी खुणावत होती, की आई, खा. काकू इकडून खुणावत होत्या, की चिमे, तू खा. मायलेकींच्या या मूक संभाषणाचा मॅडमनी अर्थ काढला तो असा, की काकूंना काड्या धरता येत नाहीत. त्यांनी मालकीणबाईंना तसं सांगितलं. मालकीणबाईंनी चमचा आणला. काकूंनी चमचा घेतला, आभार मानले आणि तो अदबीने ताटलीशेजारी ठेवला. मालकीणबाईंना वाटलं, तिखट असेल. त्यांनी पांढरं, बिनतिखटाचं सूप आणलं. काकूंनी सूपही लेकीकडे फिरवलं. मालकीणबाईंना वाटलं, गार झालं असेल. मासा आत नेऊन गरम करून आणला. तोवर टेबलावर ताटल्यांची इतकी दाटी झाली, की तबकडी फिरवली की लंबूचा पेला कलंडायचा. पेला एका हाताने धरायचा आणि जाणाऱ्या पदार्थांना डोळ्यांनी निरोप द्यायचा, एवढंच काम त्याला उरलं.

अखेर आतून आचारी आला. तो मालकीणबाईंचा नवरा. हात पुसत तो टेबलापासून दोन पावलांवर उभा राहिला आणि काकूंच्या चमच्याकडे बघू लागला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. कारण शेजारच्या टेबलावर चार विद्यार्थिनी एका नूडल्सच्या ताटात जेवत होत्या. आचारी स्वतः बाहेर येऊन उभा आहे, आणि समोरच्या बाई घासाला हात लावत नाहीत, हे पाहून त्यांनी खाणं थांबवलं. त्यांचं पाहून खिडकीजवळच्या टोळक्याने थांबवलं. एकाने सूपचा वास घेऊन पाहिला. दाराशी रांगेत उभे असलेले दोघे काचेतून आत डोकावले, एकमेकांच्या कानाला लागले आणि समोरच्या सॅंडविचच्या दुकानात गेले. कॉलेजच्या गावात बातमीला पाय नसतात, सायकली असतात. संध्याकाळपर्यंत वसतिगृहांतून काय पसरणार, हे मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसायला लागलं.

मालकीणबाई काकूंच्या शेजारी येऊन खाली वाकल्या. आवाज अगदी लहान होता. "जेवण वाईट आहे का?"

आता काकूंना राहवेना. एका बाईच्या चुलीवर आपल्यामुळे बोल यावा, हे त्यांच्या कोणत्याच नेमात बसत नव्हतं. तीन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी काढली. मान खाली घालून म्हणाल्या, "तसं नाही हो बाई. माझी मुलगी जेवल्याचं कळल्याशिवाय मी दुपारचा घास घेत नाही. वासच इतका सुंदर येतोय, की मघापासून जीव कासावीस झालाय माझा."

मालकीणबाई बघतच राहिल्या. मॅडमही. आणि मग शिष्टाचार, मार्गदर्शक, पदवी सगळं विसरून, केवळ भुकेच्या तारेत लंबू बोलून गेला, "मग काकू, तुम्ही तीन वर्षं जगलात कशा? ही तर दुपारी कधीच जेवत नाही."

"जेवते की," काकू म्हणाल्या. "साडेबाराला मेसेज येतो मला."

"तो तर गजर आहे. साडेबाराला तिचा फोन वाजतो, ती एका हाताने मेसेज टाकते आणि दुसऱ्या हाताने काम चालू. आम्ही सगळे त्या गजरावर घड्याळं लावतो," लंबू म्हणाला, आणि मग त्याची नजर चिमीच्या चेहऱ्यावर गेली. उशीर झाला होता.

काकूंनी लेकीकडे पाहिलं. तीन वर्षं. रोज झाकण काढताना त्यांना समाधान वाटायचं, की लेक जेवली, आता आपण जेवू. म्हणजे नेम रोज मोडत होता. नुसता मोडत नव्हता, अगदी वेळेवर मोडत होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे मोडलेला नेम आला नाही. ती पिनेने आवळलेली पॅंटच आली.

"चिमे, का गं असं?"

लेकीने काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "इस्त्रीवाल्या मावशींनी सांगितलं होतं मला. पहिल्याच महिन्यात. एकदा माझा मेसेज संध्याकाळी गेला, तेव्हा तू संध्याकाळपर्यंत उपाशी शिवत बसली होतीस म्हणे." तिने नाक ओढलं. "मला जेवायला वेळ नसतो, आई. पण तू तरी वेळेवर जेवावंस ना. म्हणून गजर लावला. एक दिवस चुकवला नाही मी. तापात पण नाही."

काकूंना हसावं की रडावं कळेना. लेकही नेमच पाळत होती, तो आईच्या पोटाचा होता एवढंच. त्या उठल्या. तबकडीने दोनदा, तीनदा हरवलं होतं; आता तिच्या भरवशावर राहायचं नाही. माशाचं ताट उचलून, पदार्थांना, पेल्यांना आणि लंबूच्या गुडघ्यांना वळसा घालत त्या पलीकडच्या तीरावर गेल्या. मालकीणबाईंनी न सांगता तिथे खुर्ची सरकवली. काकूंनी काटे काढून पांढराशुभ्र तुकडा लेकीच्या ताटलीत वाढला.

"मॅडमच्या आधी कसं," लेक पुटपुटली.

"खा," मॅडम म्हणाल्या. "हाही शिष्टाचारच आहे. मला आत्ता आठवला."

लेकीने घास घेतला. काकू बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतः घेतला, आणि आचाऱ्याकडे बघून मान डोलावली. आचारी आत गेला; आतून लगेच कढई जोरात वाजू लागली. शेजारच्या विद्यार्थिनींनी पुन्हा नूडल्समध्ये काड्या घातल्या. लंबूचं तर विचारूच नका. तबकडी त्याच्यापाशी आली की थांबायची. जे त्याच्यासमोर येई ते पुढे जाईना.

मॅडम मात्र सावकाश जेवत होत्या. दुपारचं जेवण असं बसून करायची सवय नसल्यासारख्या. काकूंच्या ते लक्षात आलं.

"तुम्ही जेवता का हो दुपारी?"

"जमलं तर," मॅडम म्हणाल्या. "यंत्र चालू असलं की उठता येत नाही."

"घरी कोणी विचारत नाही?"

"विचारणारी होती. आता नाही."

काकूंनी त्यांनाही माशाचा तुकडा वाढला. काटे काढून. मग नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, की आता सगळ्यांना कळलंच आहे तर सांगते, उद्यापासून माझ्या नेमात तुम्हीपण. दोघी जेवलात, खरंच जेवलात, की मला कळवायचं. मॅडम हसल्या. लंबू म्हणाला, "काकू, मॅडम चारला जेवतात. कधी कधी नाहीच जेवत."

"मग मी चारला जेवेन," काकू म्हणाल्या. "त्या नाही जेवल्या तर नाही."

मॅडमचं हसू जागच्या जागी थांबलं. दुसऱ्यांना उपाशी ठेवायची त्यांना सवय होती. कोणी आपल्या नावाने उपाशी बसणार, याचा अनुभव नव्हता. त्यांनी लेकीकडे मदतीसाठी पाहिलं. लेकीने मासा खाल्ला.

चारच्या बसने काकू परत गेल्या. त्यानंतर प्रयोगशाळेत काय झालं ते लेकीने फोनवर सांगितलं. दुपार झाली की मॅडम यंत्राकडे बघतात, घड्याळाकडे बघतात आणि चिडून म्हणतात, चला, ती बाई तिकडे उपाशी बसली असेल. मग तिघं त्या हॉटेलात जातात आणि मालकीणबाई त्यांना त्या गोल टेबलाशीच बसवतात. पॅंटची पिन महिन्याभरात निघाली.

पण पूर्वी मेसेज साडेबाराच्या ठोक्याला यायचा आणि काकूंचं जेवण गरम असायचं. खोट्याला वेळ पाळायला काय लागतं? आता खरं जेवण होऊन निरोप यायचा तो कधी एकला, कधी पावणेदोनला, आणि तोवर ताट गार पडायचं. इस्त्रीवालीला ते बघवेना. एक दिवस ती म्हणाली, "आधीच बरं होतं की तुमचं. द्या इकडे, गरम करून आणते."

"नको गं," काकू म्हणाल्या. "दोघी जेवल्यात आज. असंच छान लागेल."

त्यांनी झाकण काढलं, भात कालवला आणि पहिला घास उचलून, काटा तर नाही ना, असा सवयीने बोटांनी चाचपून, लेकीला भरवावा तसा समोर धरला. समोर शिलाईमशीन होतं. क्षणभर हात तसाच राहिला. मग त्यांनी तो घास स्वतःच खाल्ला.