पिवळा डबा, पांढरा डबा आणि आमची बोट

आमच्या घराला दोन मजले आहेत. खाली आम्ही राहतो, वर काका राहतो आणि मधला जिना म्हणजे मी. सिमेंटचाही एक आहे, पण तो फारसा कुणी वापरत नाही.

बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. कारण मोठं आहे. म्हणजे लांबीला मोठं आहे. ते मागच्या अंगणात पडलेलं असतं आणि त्याला वल्ही आहेत. ही फायबरची बोट दोघा भावांनी तरुणपणी मिळून घेतली. मग एका वर्षी पावसाच्या आधी तिच्यावर ताडपत्री घालायची राहिली. बाबांना वाटलं, काका घालेल. काकाला वाटलं, दादा घालेल. बोटीत खालून पाणी शिरू नये म्हणून लोक जिवाचा आटापिटा करतात, आमच्या बोटीत ते वरून भरलं. आतलं कार्पेट कुजलं, बेडकांनी त्यात संसार थाटले आणि दोघा भावांमधलं शेवटचं वाक्य झालं, "मी सांगितलं होतं तुला." ते वाक्य आपलं होतं, असं आजही दोघंही सांगतात.

तेव्हापासून माझी ये-जा सुरू. "वरच्याला सांग, मोटर बंद कर." "खालच्याला सांग, बंदच आहे." मी निरोप जसाच्या तसा कधीच पोचवत नाही. तेवढा मानवतेचा विचार मी करते. बाबा म्हणतात, "त्याला सांग, डोकं असेल तर वापर." मी वर जाऊन सांगते, "काका, बाबा म्हणतायत, तूच काहीतरी डोकं लढव." काका खूश होतो. या धंद्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं.

तर काकाची बदली झाली. महिनाअखेरीला तो घर रिकामं करून दूरच्या शहरात जाणार होता. वर खोकी सरकवल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज आला की बाबा पेपरमधून डोकं वर काढायचे नाहीत, पण पानही उलटायचे नाहीत.

"समोरासमोर बोलत नाहीत, ते काय फोनवर बोलणार आहेत?" आई म्हणाली. "गेला की संपलंच सगळं."

"संपत नाही," मी म्हटलं. "जायच्या आधी मी दोघांना बोलतं करते."

"ते कसं काय?"

"बोट दुरुस्त करायची. दोघांना आत बसवायचं आणि तळ्याच्या मध्यावर न्यायचं. खोलीत वाजलं की माणूस दार आपटून निघून जातो. तळ्याला दार नसतं."

आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कार्पेट लावता येतं तुला?"

"त्यात काय यायचंय? खाली गोंद, वर कार्पेट."

हे वाक्य पुढे मला पुष्कळांनी ऐकवलं.

जुनं कार्पेट काढणं हे काम नव्हतं, ते उत्खनन होतं. पत्र्याच्या खरवडणीने मी तळ खरवडला, बसायच्या दोन्ही फळ्या खरवडल्या, धुतलं, वाळवलं. वर्तमानपत्रं जोडून तळाचा आणि फळ्यांचा नमुना कापला आणि त्यावरून नवं राखाडी कार्पेट कापलं. कार्पेटच्या कडा झाकायला बोटीच्या काठाने फिरणारी रबरी पट्टीही आणली. राहिला होता फक्त गोंद.

दुकानदाराने माझ्यासमोर दोन डबे ठेवले. "हा पिवळा. वासाने डोकं दुखेल, पण एकदा चिकटला की चिकटला. आणि हा पांढरा. वाळला की काचेसारखा, दिसतसुद्धा नाही. थोडा लवचीक राहतो. कशाला लावायचाय?"

"दोन भावांना."

त्याने डबे किंचित मागे ओढले.

"म्हणजे बोटीला," मी म्हटलं. "दोन भावांच्या."

कुठला घ्यायचा ते विचारायला मी घरी आले. म्हणजे खाली विचारलं, मग वर विचारलं.

"पिवळा," बाबा म्हणाले. "बोट पाण्यात जाते. पांढरा पाण्यात विरघळला की तळ्याचं ताक होईल. सांग त्याला."

मी वर गेले. "काका, बाबा विचारतायत, पांढरा कसा राहील?"

काकाने खोक्याला चिकटपट्टी लावता लावता हात थांबवला. "दादाने विचारलं? मला?"

"हो."

"पांढराच योग्य. बोट पाण्यावर लवते, काठाची पट्टी वळणावर वाकते. कडक गोंद तडकणार. पण त्याला हे कळलं म्हणजे कमाल आहे. त्याने भिंतीत खिळा ठोकला की शेजारचा फोटो पडतो."

मी खाली आले. "बाबा, काका म्हणतो, दादाचा हात चांगला आहे. तुम्ही म्हणाल तो गोंद."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं म्हणाला?"

"अगदी असं."

संध्याकाळी ते आईला सांगत होते, "धाकटा म्हणत होता, माझा हात चांगला आहे." जेवताना त्यांनी परत सांगितलं. मी पानात बघत जेवले.

आता दोघांनाही आपलाच गोंद ठरला असं वाटत होतं. मी दोन्ही डबे आणून बोटीजवळ ठेवले आणि ठरवलं, आयत्या वेळी बघू. सकाळी मी रोलर मागून आणायला शेजारच्या गल्लीत गेले. तेवढ्या वेळात काय घडलं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

मी गेल्यावर काका मागच्या जिन्याने उतरला. दादाने आपल्या गोंदाला मान दिला, तर आपणही चार हात मारावेत असं त्याला वाटलं. त्याने तळाला, फळ्यांना आणि काठाला पांढऱ्याचा छान पातळ हात दिला आणि गुपचूप वर गेला. उन्हात पांढरा वाळला आणि दुकानदाराने सांगितलं होतं तसा दिसेनासा झाला. नाश्ता उरकून बाबा आले. धाकट्याने आपल्या हाताचं कौतुक केलंय, तर तो दाखवावा असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वच्छ, कोरा तळ पाहिला आणि त्यावर पिवळा फासला. फळ्यांवर फासला. काठावर फासला. कार्पेटच्या पाठीवरही फासला. मी रोलर घेऊन आले तेव्हा अंगणाला सायकल पंक्चरच्या दुकानाचा वास येत होता आणि बाबा शीळ घालत होते.

"बोट लावून बघ," ते म्हणाले. "चिकटेलसं वाटतं पण चिकटत नाही, तेव्हा गोंद तयार असतो."

मी बोट लावलं. ते चिकटलं. मला वाटलं, माझंच बोट घामट असेल.

आम्ही कार्पेट अंथरलं, रोलर फिरवला, काठाने पट्टी बसवली. इतकं देखणं काम झालं की मी फोटो काढला. वरच्या खिडकीत काका उभा होता. बाबा हात धुवायला गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "पांढराच ना गं, चिंगे?"

"तर काय," मी म्हटलं. "तुझंच ऐकलं."

रविवारी टेम्पोतून बोट तळ्यावर नेली. दोघं आले. बाबा मागच्या फळीवर बसले, काका पुढच्या फळीवर. मधे मी, तळावर बैठक मारून, वल्ही हातात. ऊन चांगलं तापलं होतं. आई धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती. तिने नंतर कबूल केलं की ती हात हलवत नव्हती, ती थांबा म्हणत होती. गोंदाचा वास तिला तिथपर्यंत येत होता. मी तिलाही हात हलवून दाखवला. मग ती उन्हाला कंटाळून घरी गेली.

मध्यावर पोचलो. शांतता. मी वाट बघत होते.

"त्याला सांग, थोडा डावीकडे सरक," बाबा म्हणाले. "बोट कलतेय."

काका हाताच्या अंतरावर होता. त्याने ऐकलं होतं. तरी तो माझ्याकडे बघत होता. आता आली का पंचाईत! दोघांच्याही कानांदेखत निरोपाला साखर लावायची सोय नव्हती.

"काका, थोडा डावीकडे सरक. बोट कलतेय."

"त्याला सांग, सरकता येत नाहीये."

"बाबा, सरकता येत नाहीये."

"का म्हणून विचार."

काकाने उठायचा प्रयत्न केला. फळीवरचं कार्पेट त्याच्याबरोबर उठलं, बेताचं ताणलं गेलं आणि त्याला परत खाली घेऊन बसलं. लहान मुलाला मांडीवर घ्यावं तसं. त्याच्या विजारीभोवती राखाडी कार्पेटमधून काहीतरी तपकिरी, चकचकीत वर येत होतं. तेवढ्यात काठाची रबरी पट्टी सुटली. ती सापासारखी सावकाश घसरत आली आणि काकाच्या खांद्यावर विसावली.

बाबांनी पाय उचलला. पाय आला, चप्पल तिथेच राहिली.

आणि मग, इतक्या वर्षांनी, बाबा थेट काकाशी बोलले.

"ओढू नकोस रे, पट्टी अजून उखडेल."

"मीच उखडेना झालोय, दादा," काका म्हणाला. "पट्टीचं काय घेऊन बसलास?"

मी वल्ही थांबवली. श्वासही थांबवला. ठरवल्याप्रमाणे चाललं होतं, असं म्हणायला हरकत नव्हती.

"कुठला गोंद लावला हा?" काकाने विचारलं.

"पिवळा. तूच म्हणालास ना, मी म्हणेन तो."

"मी? मी पांढरा म्हणालो. आणि पांढरा तर मी स्वतः लावला. त्या सकाळी, तू यायच्या आधी."

"तू लावलास?"

"तूच विचारलंस, पांढरा कसा राहील."

"मी म्हटलं, तळ्याचं ताक होईल."

मग दोघांनीही मान वळवली. एक डावीकडून, एक उजवीकडून. मी तळ्यातली एक बगळ्यासारखी दिसणारी पिशवी लक्षपूर्वक पाहू लागले.

"चिंगे," बाबा म्हणाले.

"अं?"

"हा म्हणाला होता ना, माझा हात चांगला आहे?"

वल्ह्यावरून पाणी टपकत होतं. एरवी माझ्याजवळ प्रत्येक वाक्याची एक गोड प्रत तयार असते. त्या वेळी एकही सापडली नाही.

"नाही म्हणाला, बाबा. तो खिळ्याबद्दल बोलला."

बाबांचा चेहरा असा उतरला की बोट बुडाली असती तरी मला बरं वाटलं असतं. ते पाण्याकडे बघत काकाला म्हणाले, "असू दे. मला वाटलंच होतं. तू कशाला म्हणशील."

काकाने खांद्यावरची पट्टी काढायचा प्रयत्न केला. ती आता त्याच्या हाताला चिकटली. तो तिच्याकडेच बघत बोलला.

"ताडपत्रीची गाठ तू बांधायचास तशी मला कधी जमली नाही. म्हणून त्या वर्षीही मी हात लावला नाही. म्हटलं, दादा बांधेल. तो नीट बांधतो."

"मग सांगायचंस तेव्हा."

"तू ओरडत होतास."

"तू पण ओरडत होतास."

"मी तू ओरडत होतास म्हणून ओरडत होतो."

"तिकडच्या घराला गच्ची आहे का रे?" बाबांनी विचारलं.

"आहे. गळते."

"मी येऊन बघतो. डांबर लावून टाकू."

"डांबर नको, दादा. तडकतं ते. हल्ली एक लवचीक लेप मिळतो..."

"लवचीक म्हणतोस? या लवचिकापायी आपण कुठे बसलोय बघ."

"पिवळ्यापायी बसलोय."

हे ऐकताना इतकं बरं वाटत होतं की मी जोरात वल्ही मारायला लागले. जितका जोर लावत होते तितकी तळात घट्ट बसत होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

धक्क्याला लागलो. बाबांनी आधी स्वतःला सोडवलं. त्याचा जो आवाज झाला त्यावरून विजारीचं काय झालं ते आम्ही कुणीच विचारलं नाही. मग ते वाकले आणि म्हणाले, "धर हात." काकाने धरला. दोघांच्या तळव्यांना गोंद होता, त्यामुळे वर आल्यावरही हात लगेच सुटेनात. सोडायची फारशी घाईही दिसली नाही. तसेच ते अनवाणी, तापलेल्या धक्क्यावर पाय उडवत, गच्चीच्या उताराबद्दल तावातावाने भांडत निघाले. टेम्पोवाला उभा होता. दोघं पुढे चढले. टेम्पो गेला.

मी "बाबा" म्हणाले. मग "काका" म्हणाले. मग टेम्पोच्या दिशेने नुसतीच "अहो" म्हणाले.

थोड्या वेळाने फोन वाजला. आई होती.

"अगं, काय जादू केलीस? दोघं कधीचे ओट्यावर बसलेत. चहा गार झाला तरी गप्पा संपत नाहीत. तू कुठे आहेस?"

"बोटीत."

"अजून? ये की मग."

"उठता येत नाहीये. कुणाला तरी पाठव. येताना खरवडणी आणायला सांग."

फोनमधून मागे दोघांचे आवाज ऐकू येत होते, एकमेकांचं वाक्य तोडत, मोठमोठ्याने. आई कुजबुजली, "बाळा, आत्ता मी मधे बोलले आणि परत बंद पडलं तर? थोडा वेळ आहेस तिथेच बस हं."

आईचं सगळंच काही मी ऐकते असं नाही. पण हे ऐकलं.