समुद्रदर्शनाची सुरक्षित सोय

आत्याचे डोळे अधू होत चालले होते आणि दृष्टी जायच्या आत एकदा समुद्र बघायचा, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून आम्ही किनाऱ्याचा रस्ता धरला. गाडी मी चालवत होतो, बायको मोबाइलवर नकाशा बघत होती आणि आत्या मागे खिडकीला नाक लावून बसली होती.

पहिला थांबा कड्याचा. तिथून एक पर्यटक घसरला, म्हणून पर्यटन खात्याने कठडा बांधला होता. लोक कठड्याला टेकून फोटो काढू लागले, कठडा हलू लागला, तेव्हा कठड्याच्या संरक्षणार्थ त्याच्या अलीकडे बारीक जाळी आली. जाळीतून मला समुद्र दिसला, पण मच्छरदाणीतून दिसावा तसा. आत्याला तेवढाही दिसला नाही. पुढे मोकळा आहे, असं बायकोने नकाशा बघून सांगितलं.

पुढे दगडाची नैसर्गिक कमान होती. तिचं नैसर्गिकपण टिकावं म्हणून ती ताडपत्रीत गुंडाळून ठेवली होती. आम्ही ताडपत्री बघून निघालो.

शेवटच्या थांब्यावर जाळीचीही कटकट नको, म्हणून खात्याने पुरुषभर उंचीची भिंतच घातली होती. भिंतीमुळे समुद्र दिसत नाही अशी तक्रार झाली. खातं काही दगडाचं नव्हतं. त्याने भिंतीवर समुद्र रंगवून दिला. भरती, मावळता सूर्य आणि उड्या मारणारे डॉल्फिन. पुढ्यात फोटोसाठी ही रांग. भिंतीपलीकडे लाटा आदळत होत्या. तो आवाज कसला, असं आत्याने रखवालदाराला विचारलं.

"तो मागचा आहे, आजी. बघायचा तो हा."

"पण मला मागचाच बघायचाय रे बाबा."

"त्याला परवानगी नाही. आणि खरं सांगू का? त्याच्यात डॉल्फिन पण नाहीत."

मला त्याचं म्हणणं पटलं. पोटात कावळे ओरडत होते आणि हा समुद्र फोटोत चांगला निळाशार येत होता. 'आत्याला समुद्र दाखवला' असं लिहून मी तो फोटो सगळ्या ओळखीच्यांना पाठवला.

तुम्हालाही तो आला असेलच. तुम्ही लगोलग अंगठा दिलात, त्याबद्दल आभारी आहे. फोटोत आम्ही नवरा-बायको हसतोय आणि आत्या तुमच्याकडे पाठ करून, भिंतीला कान लावून उभी आहे. का, ते मात्र तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.